तळपायाचा ठसा

बँकेत सही करणाऱ्या माणसापेक्षा अंगठा लावणाऱ्या माणसाची अधिक काळजी घ्यावी लागते. सही चुकली तर पुन्हा करता येते. अंगठा मात्र साक्षीदार उभा करून, शाई नीट लावून, न घसरू देता उमटवून घ्यावा लागतो. आणि ज्याच्या हाताला अंगठाच उरलेला नाही, त्याच्यासाठीही नियमात सोय आहे. अशा खातेदाराच्या पायाच्या अंगठ्याचा ठसा घ्यावा, बँकेच्या ओळखीच्या दोन साक्षीदारांनी तो प्रमाणित करावा आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचा प्रत्यक्ष उपयोग करण्याची वेळ आली ती मुलचेऱ्याच्या परिसरातल्या एका शाखेत, १९९१ साली.

मुलचेरा म्हणजे चामोर्शीच्याही खाली, दक्षिणेला, जंगलाच्या कुशीतला भाग. गोंड-माडियांची गावे, त्यांच्या शेजारी पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची, माशांचा आणि भाताचा वास असलेली नीटस गावे, आणि मधून वाहणारी दिना नदी. आमच्या शाखेत एक म्हातारा निराधार योजनेच्या पैशांसाठी येत असे. त्याच्या हाताची बोटे कुष्ठरोगाने झडलेली होती. आधीच्या अधिकाऱ्याने त्याचे काम कसे चालवले होते कोण जाणे; मी नियमाप्रमाणे चालायचे ठरवले. त्याला बाकावर बसवले, शिपायाने शाईची गादी आणली आणि म्हाताऱ्याने उजव्या पायातली टायरची चप्पल काढली.

चप्पल निघाली, पण सहज निघाली नाही. टायरच्या तळाला ठोकलेला एक खिळा वर आला होता आणि तो त्याच्या पायात रुतलेला होता. चप्पल ओढली तेव्हा तो सुटला. रक्त आले, फार नाही. मी घाबरून म्हणालो, "बाबा, अहो खिळा गेलाय पायात!" त्याने पाय उलटा करून पाहिला, एखाद्या दुसऱ्याचाच पाय असावा तसा, आणि म्हणाला, "दुखत नाही जी, सायेब. दुखलं असतं त तीन कोस चालत आलो असतो काय?"

ठसा घेतला. पैसे दिले. तो गेल्यावर शिपायाने शाईची गादी दोन बोटांत धरून मला विचारले, "हिचं काय करू?" मी म्हणालो, "टाकून दे, नवी काढ." हे मी आज लिहितो आहे, कारण त्या दिवशी जखम पाहून मला सुचलेली एकमेव कृती ती होती. तीन कोस चालत परत निघालेल्या माणसाच्या पायाला मी एक पट्टीसुद्धा बांधली नाही. शाईची गादी मात्र बदलली.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे अलीकडे वाचनात येत असलेला एक विषय. 'थ्री-डी प्रिंटिंग' अथवा त्रिमितीय छपाई हे शब्द आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. खेळणी, यंत्राचे सुटे भाग, अगदी घरेसुद्धा छापून काढल्याच्या बातम्या आपण वाचतो. आता हे तंत्र जखमांच्या उपचारात उतरू लागले आहे. त्वचा छापणार, पट्टी छापणार, पायाला बेतून तळवा छापणार, अशा बातम्या येतात तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती टायरची चप्पल येते. हे यंत्र तिच्या जागी काय ठेवणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी हे तंत्र काय आहे ते पाहू. नेहमीच्या कारखान्यात वस्तू दोन रीतींनी बनते: ठोकळ्यातून नको तो भाग कोरून काढून, किंवा साच्यात ओतून. ही तिसरी रीत आहे, थरावर थर चढवण्याची. गडचिरोलीच्या जंगलात वारुळे पाहिली असतील त्यांना हे लगेच कळेल. आणि शहरातल्या वाचकांनी घरातला सोऱ्या आठवावा. चकलीचे वेढे एकाशेजारी एक पडतात, तसे तापवून मऊ केलेल्या प्लॅस्टिकचे बारीक सूत एका थरात पडत जाते, मग त्यावर दुसरा थर, मग तिसरा. सोऱ्या कुठे फिरवायचा हे संगणक सांगतो. अमेरिकेतील चार्ल्स हल यांनी द्रवरूप रसायनावर प्रकाश टाकून थराथराने वस्तू घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट १९८६ साली मिळवले, तेथपासून या विद्येचा इतिहास मोजतात. या रीतीचा मोठा गुण असा की, साचा लागत नसल्यामुळे एक वस्तू करायची की हजार, याने फारसा फरक पडत नाही. आणि हजारही करायच्या तर प्रत्येक वेगळी करता येते. माणसाची जखम नेमकी अशीच असते. कोणाचीही जखम दुसऱ्यासारखी नसते.

या क्षेत्रातले सर्वांत मोठे स्वप्न त्वचा छापण्याचे आहे. रुग्णाच्याच पेशी घ्यायच्या, त्या वाढवायच्या, खळीसारख्या मऊ पदार्थात मिसळून त्यांची 'शाई' करायची आणि ती थेट जखमेवर थराने पसरायची. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये हातात धरून जखमेवरून फिरवता येईल असे एक उपकरण दाखवले. अमेरिकेतील वेक फॉरेस्ट संस्थेने २०१९ मध्ये रुग्णाच्या खाटेपाशी नेता येईल असे यंत्र मांडले. ते आधी जखमेची खोली मोजते आणि मग हव्या त्या जागी हव्या त्या पेशी टाकते. हे प्रयोग उंदीर, डुक्कर अशा प्राण्यांवर झाले. आपल्याकडेही दिल्लीच्या आयआयटीत प्रयोगशाळेपुरती त्वचा छापण्याचे काम झालेले आहे. पण छापलेल्या कातडीत रक्तवाहिन्या रुजवणे, घामाच्या ग्रंथी आणणे, स्पर्शाची जाणीव आणणे ही कोडी अजून सुटायची आहेत. जिल्हा रुग्णालयात जाऊन छापील त्वचा मागावी असा दिवस अजून उजाडलेला नाही, आणि तो उजाडला आहे असे कोणी सांगितले तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

स्वप्नाला हसण्याचे मात्र कारण नाही. जखमेच्या बाबतीत आपला महाराष्ट्र मुळीच मागासलेला नव्हता. मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८० च्या दशकात भाजलेल्या जखमांवर उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली आणि त्यावरचे निष्कर्ष जगभरच्या डॉक्टरांपुढे ठेवले. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची पट्टी वापरून पाहिली आणि २००३ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. पान स्वस्त, गुळगुळीत, जखमेला न चिकटणारे. बदलताना रुग्ण ओरडत नाही. ज्या पंगतीत आपण केळीच्या पानावर जेवतो, त्याच पानावर जळालेली कातडी शांतपणे भरून येते, हे त्यांनी शास्त्राच्या कसोटीवर दाखवून दिले. त्याच रुग्णालयात २००० साली देशातली पहिली त्वचापेढीही उभी राहिली. नव्या यंत्राची पारख करताना मी ही केळीच्या पानाची पट्टी शेजारी ठेवतो. ज्या गावात ते वापरायचे, तिथे ते मिळेल का, परवडेल का, आणि रुग्णाचे दुखणे कमी होईल का, हे तीन प्रश्न त्या पानाने विचारले होते. यंत्रालाही तेच विचारावेत.

आणि हे प्रश्न विचारले की नजर कातडीवरून खाली तळपायाकडे येते.

कुष्ठरोगात बोटे आपोआप गळतात अशी आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्या समजूत होती. ती चूक आहे. हा जंतू नसांवर हल्ला करतो आणि हातापायांची जाणीव जाते. मग चुलीतले निखारे, विळ्याची धार, चपलेतला खिळा यांतले काहीच कळत नाही. जे कळत नाही त्याची काळजी घेतली जात नाही आणि जखमेमागून जखम होऊन बोट संपते. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी हे कारण जगाला पटवून दिले. त्यांनी तळव्याच्या जुनाट व्रणांवर औषधापेक्षा वेगळाच उपाय केला. पायाला घोट्याच्या वरपर्यंत प्लास्टर घातले, म्हणजे वजन जखमेवर न पडता सगळीकडे वाटले जाईल. वर्षानुवर्षे न भरलेले व्रण काही आठवड्यांत भरू लागले. तुम्हीआम्ही चालताना पाय थोडा दुखला की नकळत भार दुसऱ्या बाजूला टाकतो. बधिर पायाचा माणूस तसे करत नाही. तो त्याच जागेवर हजारदा पाऊल टाकतो. आधी घट्टा होतो, मग घट्ट्याखाली कातडी फुटते, मग पू हाडापर्यंत जातो. तळव्याच्या जखमेला सगळ्यात आधी विश्रांती हवी असते, आणि हातावर पोट असणाऱ्याला नेमकी तीच देता येत नाही.

म्हणून चप्पल हे औषध ठरते. आपल्या भागात हे ज्यांनी ओळखले त्यांची परंपरा मोठी आहे. सेवाग्रामात परचुरे शास्त्रींच्या जखमा महात्मा गांधी स्वतःच्या हाताने धूत असत. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याचे आनंदवन उभे राहिले. पुढे १९७३ साली हेमलकसाचा प्रकल्प सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अस्वलाने फाडलेले चेहरे जंगलातल्या साध्या दवाखान्यात शिवले. जखम हाताने धुतल्याशिवाय भरत नाही, ही शिकवण या मातीतलीच आहे. कुष्ठरुग्णांसाठी एमसीआर नावाच्या मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराची चप्पल निघाली तीही याच विचारातून. तिच्यात खिळा वापरत नाहीत, तळ चिकटवतात. सरकारी कार्यक्रमातून ती रुग्णांना मोफत मिळते.

मग अडले कुठे? एक तर ती ठरावीक मापांत येते आणि झिजलेला, वाकलेला, दोन बोटे कमी असलेला पाय कुठल्याच ठरावीक मापात बसत नाही. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. ही चप्पल ओळखू येते. ती पायात घालून बाजारात गेले की गावाला न सांगता सगळे कळते. त्यामुळे अनेक घरांत ती आढ्याला टांगलेली असते आणि माणूस टायरची चप्पल घालून शेतावर जातो. औषध आहे, पण ते घेतले की अब्रू जाते, अशी ही अडचण.

त्रिमितीय छपाईचा खरा उपयोग मला इथे दिसतो. पायाचे माप घ्यायला आता प्लास्टरचा साचा लागत नाही. कॅमेऱ्याने चारी बाजूंनी टिपलेल्या चित्रांवरून संगणक पायाची आकृती उभी करतो. त्याच आकृतीवरून आतला तळवा छापता येतो. जिथे व्रण आहे तिथे मधाच्या पोळ्यासारखी पोकळ, मऊ जाळी; जिथे भार सोसण्याची ताकद आहे तिथे ती घट्ट. एकाच तुकड्यात दोन्ही. हा तळवा कुठल्याही साध्या, चारचौघांसारख्या चपलेत किंवा बुटात बसतो. गावाला काही कळण्याचे कारण नाही.

ही निव्वळ कल्पना नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने कर्नाटकातील एका मधुमेह संशोधन संस्थेच्या मदतीने अशी छापील पादत्राणे तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. त्यांची युक्ती ऐकण्यासारखी आहे. मुलींच्या केसांत टिकटॅक पिन असते, दाबली की खटकन दुसऱ्या बाजूला वळते, तशा छोट्या कमानी त्या तळव्यात आहेत. एखाद्या जागेवर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त दाब आला की तिथली कमान खटकन खाली जाते आणि त्या जागेवरचा भार आपोआप निघतो. दाब गेला की कमान पुन्हा वर. जी सूचना मेंदूला वेदनेने द्यायची, ती पायाला चप्पल देते.

हे पादत्राण मधुमेहींसाठी केलेले आहे, आणि इथे मुलचेऱ्याची गोष्ट पुण्या-नागपूरच्या घराघरांत येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. मधुमेह वर्षानुवर्षे अंगात राहिला की तोही पायाच्या नसा बधिर करतो. सकाळी फिरायला जाणारे आजोबा घरी येऊन बूट काढतात आणि मोज्यावर रक्ताचा डाग दिसतो. त्यांना ठाऊकच नसते. त्यांचा पाय आणि त्या म्हाताऱ्याचा पाय यांत शास्त्राच्या दृष्टीने फार थोडा फरक आहे. म्हणून वाचकहो, घरात मधुमेही असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्यांचे तळवे उजेडात पाहा, बोटांच्या बेचकेही पाहा. चप्पल घालण्यापूर्वी ती उलटी करून झटका. यासाठी कुठलेही यंत्र लागत नाही.

आता एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो. जिथे आरोग्य केंद्रात कधी कापूस असतो तर कधी पट्टी नसते, तिथे ही यंत्रांची चैन कशाला? आक्षेप खोटा नाही. मी बँकेत संगणक येताना पाहिला आहे. आमच्या एका शाखेत तो आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला, साहेबांबरोबर फोटो निघाला आणि पुढे तीन महिने तो प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली बसून राहिला. कारण विजेचा दाब स्थिर ठेवणारे उपकरण आलेले नव्हते आणि चालवायला शिकलेला एकमेव माणूस बदलून गेला होता. प्रिंटरचे याहून वेगळे होईल असे मानण्याचे कारण नाही. एक तळवा छापायला काही तास लागतात. मध्येच वीज गेली तर बहुधा तो फुकट जातो. लवचिक प्लॅस्टिकचे सूत हवेतला ओलावा शोषते आणि गडचिरोलीचा पावसाळा कसा असतो हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. मुलचेऱ्याच्या दवाखान्यात नुसता प्रिंटर नेऊन ठेवला तर एका पावसाळ्यात तो शोभेची वस्तू होईल.

पण यंत्र मुलचेऱ्यात असण्याची गरजच काय? माप जाऊ शकते. आशा कार्यकर्ती गावात पायाची चित्रे घेईल आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवील. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आता गडचिरोलीलाही झाले आहे. तिथे एका कोरड्या खोलीत, खात्रीच्या विजेवर हे यंत्र ठेवावे. साध्या बनावटीचा प्रिंटर आज मोटारसायकलीहून स्वस्त मिळतो; अशा कामाला थोडा बरा घ्यावा लागेल, तरी तो सरकारच्या आवाक्याबाहेरचा नाही. ते चालवायला आयटीआयमध्ये शिकणारी तिथलीच मुले घ्यावीत, म्हणजे बदली होऊन माणूस निघून जाण्याचा प्रश्न येणार नाही. तयार तळवा एसटीने गावाला येईल. आणि यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची: आठ दिवसांनी कोणीतरी तो पाय पुन्हा पाहिला पाहिजे. नवी चप्पल बधिर पायाला कुठे लागते आहे हे घालणारा सांगू शकत नाही. पाय पाण्यात भिजवणे, घट्टा हलकेच घासणे, तेल लावणे, रोज पाहणे हे शिकवायला माणूसच हवा. यंत्र त्या माणसाचे काम सोपे करील, पण त्याच्या जागी बसू शकणार नाही. ज्या अंदाजपत्रकात प्रिंटरला पैसे आहेत आणि ड्रेसिंग करणाऱ्या परिचारिकेच्या रिक्त जागेला नाहीत, त्यावर मी बँकेच्या जुन्या सवयीने लाल शाईने शेरा मारीन.

या कामात दिरंगाई परवडणारी नाही. राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोग हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही, असे २००५ च्या अखेरीस जाहीर झाले. त्याचा अर्थ दर १०,००० लोकांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच होता. अनेकांनी मात्र रोग संपला असा अर्थ घेतला. गडचिरोली आणि चंद्रपुरात आजही नवे रुग्ण सापडतात. आणि औषधांनी जंतू मेला तरी गेलेली जाणीव सहसा परत येत नाही. कागदावर 'रोगमुक्त' झालेला माणूस उरलेले आयुष्य बधिर पायांनी चालतो. तो रुग्णांच्या यादीत नसतो, म्हणून चपलेच्या यादीतही राहून जातो.

त्या म्हाताऱ्याचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. दर महिन्याला तो येत असे. खिळ्याची जागा चिघळली होती. येताना तो त्यावर चिंधी गुंडाळून येई. कोणाकडे तरी पाठवायला हवे असे मला वाटे, आणि मग रांग वाढे, रोकड जुळवायची असे. एकदा दोन महिने तो आलाच नाही. तिसऱ्या महिन्यात काठी टेकत आला, बाकावर बसला. मी नमुन्याचा कागद काढला, गादी आणवली आणि त्याने चिंधी सोडली. उजव्या पायाचा अंगठा दवाखान्यात काढून टाकलेला होता. आमच्या दप्तरात ठसा होता. तो ज्याचा, तो अवयव नव्हता.

मी नियमाची पुस्तिका चाळू लागलो. माझा गोंधळ पाहून त्यालाच माझी कीव आली असावी. त्याने डाव्या पायातली चप्पल काढली, पाय गादीकडे सरकवला आणि समजूत घालावी तशा आवाजात म्हणाला, "हा आहे जी अजून."

चप्पल टायरचीच होती. या खेपेला मी ती उलटी करून पाहिली.